दापोलीचे कावळे आणि रानपक्ष्यांतील इन्फ्लुएन्झाचा प्रसार

इ. स. २०२१ च्या जानेवारी महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने महाराष्ट्रातील ज्या ठिकाणी पक्ष्यांच्या इन्फ्लुएन्झाचा, म्हणजे सामान्य बोलीतील ‘बर्ड फ्लू’चा, आढळ निश्चित झाल्याचे जाहीर केले, त्यांत मुंबई, ठाणे, परभणी व बीड यांच्या जोडीने रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीचेही नाव होते. परभणी जिल्ह्यातील मुरुंबा या गावी हा रोग पाळीव कोंबड्यांत आढळला होता. दापोलीत तो आढळला कावळ्यांत.

महाराष्ट्रास हा रोग नवा नव्हता. भारतातील त्याची पहिली नोंद मुळी याच राज्यातील. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे व त्यानंतर काही आठवड्यांतच जळगाव जिल्ह्यात. परंतु तेव्हाचा प्रश्न कुक्कुटपालनाचा होता. रोगाला कोंबड्यांच्या खुराड्यांची सीमा होती, आणि त्या सीमेभोवती वर्तुळ आखून आतील पक्षी नष्ट करणे, हा उपाय कितीही क्लेशकारक असला तरी शक्य कोटीतील होता. कावळ्याभोवती असे वर्तुळ आखता येत नाही. तो सकाळी एका गावात असतो, दुपारी दुसऱ्या, आणि संध्याकाळी तिसऱ्याच गावच्या झाडावर. म्हणून दापोलीच्या घटनेने अभ्यासकांपुढे एक निराळाच प्रश्न ठेवला: हा विषाणू रानपक्ष्यांत कोणत्या मार्गाने फिरतो, आणि त्या मार्गावर कोणत्या पक्ष्याचे काम कोणते?

किनाऱ्यावरच्या लोकांकडे या प्रश्नाचे एक तयार उत्तर असते. हिवाळ्यात हर्णै, आंजर्ले, मुरूड, कर्दे येथील पुळणींवर परदेशी कुरवांचे थवे उतरतात. रोगही हिवाळ्यातच येतो. तेव्हा पाहुण्यांनीच तो आणला असला पाहिजे. हे उत्तर वरवर पाहता सयुक्तिक वाटते, आणि ते सर्वस्वी निराधारही नाही. तथापि ते जसेच्या तसे स्वीकारले तर दापोलीच्या घटनेचा अर्थ आपण उलटा लावू, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची कारणे पाहण्यापूर्वी विषाणूचा थोडा परिचय करून घेणे अवश्य आहे.

इन्फ्लुएन्झाच्या ‘ए’ गटातील विषाणूंच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन व न्यूरामिनिडेझ ही दोन प्रथिने असतात, आणि ‘एच५एन१’ यांसारखी नावे त्यांच्याच प्रकारांवरून पडली आहेत. पक्ष्यांत पहिल्याचे सोळा व दुसऱ्याचे नऊ प्रकार दीर्घकाळ ज्ञात आहेत. या विषाणूंचे मूळ आश्रयस्थान म्हणजे बदके, हंस, कादंब यांचा एक वर्ग, आणि कुरव, सुरय व चिखलपायांचा दुसरा. त्यांच्यात हे विषाणू बहुधा सौम्य रूपात नांदतात. बदकाच्या आतड्यात ते वाढतात, विष्ठेवाटे पाण्यात उतरतात, आणि त्याच पाण्यातून दुसऱ्या बदकाकडे जातात. पक्षी आजारी दिसतही नाही.

मग घातक रूप येते कोठून? हिमॅग्लुटिनिनचे प्रथिन एका ठरावीक जागी छेदले गेल्यावाचून विषाणू पेशीत शिरू शकत नाही. सौम्य विषाणूंत हा छेद घेणारी विकरे केवळ श्वसनमार्गात व आतड्यात असतात. त्यामुळे संसर्गही तेवढ्यापुरता राहतो. एच५ आणि एच७ या दोन प्रकारांत मात्र त्या जागी अल्कधर्मी अमिनो आम्लांची एक छोटी साखळी निर्माण होऊ शकते. तसे झाले म्हणजे शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असणारे फ्युरिन नावाचे विकर तेथे छेद घेऊ लागते, आणि मेंदू, यकृत, हृदय अशी सर्व इंद्रिये विषाणूला मोकळी होतात. हा बदल सामान्यतः घडतो तो दाटीवाटीने ठेवलेल्या पाळीव कोंबड्यांत. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. रानपक्ष्यांनी माणसाच्या खुराड्यात सौम्य विषाणू सोडला, आणि खुराड्याने तो घातक करून रानपक्ष्यांस परत दिला, असा हा व्यवहार आहे. या नियमास एक जुना व प्रसिद्ध अपवाद आहे. १९६१ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुमारे तेराशे सुरय पक्षी एच५एन३ या घातक विषाणूने मेले, आणि त्यांचा संबंध कोणत्याही कुक्कुटशाळेशी जोडता आला नाही. रानपक्ष्यांतून इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा काढण्याची ती पहिलीच वेळ होती.

आज जगभर फिरणाऱ्या घातक एच५ विषाणूंचा वंश १९९६ साली चीनच्या ग्वांगडुंग प्रांतातील पाळीव हंसांपर्यंत मागे जातो. १९९७ साली हाँगकाँगमध्ये त्याने अठरा माणसांना ग्रासले व त्यांतील सहा दगावली. तरीही पुढील काही वर्षे तो मुख्यतः बाजार आणि खुराडी यांतच राहिला. वळण आले ते मे २००५ मध्ये. चीनमधील छिंगहाय सरोवरावर सहा हजारांहून अधिक रानपक्षी मेले. त्यांत सर्वाधिक संख्या पट्टकादंबांची होती, आणि त्यांच्या खालोखाल ज्यांची प्रेते मिळाली त्यांत मोठा काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव हे पक्षी होते.

येथे रत्नागिरीच्या वाचकाने क्षणभर थांबावे. पट्टकादंब हिमालय ओलांडून दख्खनच्या तलावांवर हिवाळा काढतो. मंगोलियात मानेला क्रमांकाचे पट्टे बांधलेले पट्टकादंब भारतीय जलाशयांवर पाहिले गेले आहेत. आणि वर उल्लेखिलेले दोन्ही कुरव आपल्या पुळणींवर दर हिवाळ्यात दिसणारे आहेत. तपकिरी डोक्याचा कुरव तर मध्य आशियातील उंच पठारांवरील सरोवरांच्या काठी वीण करतो व येथे येऊन हर्णैच्या मासळीवर पोट भरतो. तेव्हा छिंगहाय आणि हर्णै यांच्यामध्ये एक जिवंत धागा आहे, हे नाकारता येणार नाही. पाहुण्यांवरचा संशय केवळ अज्ञानातून येतो असे म्हणणे अन्यायाचे होईल.

पुढील वर्षांत या संशयास अधिकच बळकटी आली. २०१४-१५ साली एच५एन८ विषाणू पूर्व आशियातून युरोप व उत्तर अमेरिका अशा दोन्ही दिशांस पसरला. त्याच्या जनुकीय वंशावळीचा अभ्यास २०१६ साली अनेक देशांतील संशोधकांनी एकत्रितपणे प्रसिद्ध केला, आणि लांब पल्ल्याच्या स्थलांतरी पक्ष्यांचा त्यात मोठा वाटा असल्याचा निष्कर्ष काढला. २०२१ च्या अखेरीस हाच वंश अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडला पोहोचला. २०२२ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावर पाणकोळी हजारोंनी मेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण जॉर्जिया बेटसमूहातील स्कुआ पक्ष्यांत विषाणू आढळला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर. समुद्रावरून घडलेला हा प्रवास कोंबड्यांच्या व्यापाराने झाला असे कोणी म्हणू शकणार नाही.

पण खंडांमधला प्रवास आणि गावातला प्रवास या दोन निराळ्या गोष्टी आहेत. टपाल दूरदेशाहून मेलगाडीने येते हे खरे; पण घराच्या पायरीशी ते आणून देणारा पोस्टमन निराळा असतो. दापोलीच्या बाबतीत आपणांस शोध घ्यायचा आहे तो या पोस्टमनचा.

प्रथम भूगोल पाहू. २०२०-२१ च्या त्या हिवाळ्यात कावळ्यांची मरतूक आधी नजरेस आली ती राजस्थानातील झालावाड येथे व मध्य प्रदेशातील इंदूर येथे. त्याच सुमारास हिमाचल प्रदेशातील पोंग जलाशयावर पट्टकादंब मरू लागले. तेथे एकंदर मृत पक्ष्यांची संख्या पाच हजारांच्या आसपास गेली. केरळात रोग पाळीव बदकांत होता. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे व दापोली ही किनाऱ्याची वा किनाऱ्यालगतची ठिकाणे आहेत खरी, परंतु बीड समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे आणि तेथेही बळी पडला तो कावळाच. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे मेले व त्यांच्यात एच५एन१ निश्चित झाला. उदगीरला समुद्र कोठला? समुद्री कुरव हे कारण मानले तर बीड, उदगीर, इंदूर व झालावाड यांचा उलगडा होत नाही. या सर्व ठिकाणांस समान असा पक्षी एकच, आणि तो स्थलांतर करीत नाही.

आता काळ पाहू. कुरव आपल्याकडे येऊ लागतात ते साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. कावळ्यांतील रोग आढळला जानेवारीत. या विषाणूचा शरीरातील काळ काही दिवसांचा असतो, महिन्यांचा नव्हे. नोव्हेंबरात उतरलेल्या पक्ष्याने विषाणू सोबत आणला असता तर तो दोन महिने कोणत्या तरी साखळीत जिवंत राहिला असला पाहिजे, आणि ती साखळी प्रथम कुरवांच्याच मरणाने दृष्टीस पडावयास हवी होती. त्या जानेवारीत दापोलीचे नाव आले ते कुरवांमुळे नव्हे, कावळ्यांमुळे. दोन गोष्टी एकाच ऋतूत घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. आपल्या नैयायिकांनी या दोषास काकतालीय न्याय असे नाव दिले आहे: कावळा ताडावर बसावयास आणि फळ गळून पडावयास एकच गाठ पडावी. येथे फळाऐवजी कावळाच गळून पडला, एवढाच काय तो फरक.

तिसरी गोष्ट पाण्याची. थंड प्रदेशातील सरोवर हा या विषाणूचा खरा साठा होय. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नदीच्या पाण्यात तो शून्य अंश सेल्सिअसला तीस दिवसांहून अधिक काळ संसर्गक्षम राहिला, तर २२ अंशांस केवळ चार दिवस. पाण्यातील क्षार वाढले म्हणजे हा काळ आणखी आखूड होतो. रत्नागिरीच्या समुद्राचे पाणी ऐन हिवाळ्यातही २२ अंशांहून बरेच उष्ण असते, आणि त्याची क्षारता दर हजारी पस्तीसच्या आसपास. लाटांनी सतत ढवळली जाणारी अशी पुळण म्हणजे काही छिंगहायचे सरोवर नव्हे. संसर्ग येथे मुळीच होणार नाही असे नाही. पण पाण्यावाटे तो टिकून राहण्यास ही जागा प्रतिकूल आहे.

उरतो कावळा. या पक्ष्याची दिनचर्या पाहिली म्हणजे विषाणूच्या दृष्टीने याहून सोयीचा मध्यस्थ सापडणे कठीण. गावकावळा माणसाच्या वस्तीवाचून राहत नाही. तो मेलेले खातो, टाकलेले खातो, कोंबडीच्या दुकानामागची आतडी व पिसे उपसतो, उकिरड्यावर फेकलेली मेलेली पिले उचलतो. आणि संध्याकाळी शेकडोंच्या संख्येने एका रातथाऱ्यावर येऊन खांद्याला खांदा लावून बसतो. पूर्वी मेलेल्या जनावराचा फडशा पाडण्यात गिधाडांचा वाटा मोठा होता. १९९० नंतरच्या काळात डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडांचा जवळजवळ नाश झाल्यावर तो वाटा कावळे, घारी व भटकी कुत्री यांजकडे आला. कोकणात तर कावळ्याला माणूस स्वतः बोलावून जेवू घालतो. काकबळी व पिंडाच्या निमित्ताने त्याचा आणि घराचा संबंध इतका जवळचा आहे की कावळे एकाएकी दिसेनासे झाले तर ते पक्षिशास्त्रज्ञापेक्षा दशक्रियेला बसलेल्या यजमानास आधी कळावे.

कावळ्याचा हा मार्ग केवळ तर्काचा नाही. २००४ साली जपानमधील क्योटो विभागात एका मोठ्या कुक्कुटशाळेत रोग आला, आणि त्यानंतर त्या परिसरातील जाड चोचीचे कावळे त्याच विषाणूने मेलेले आढळले. खुराड्यातून कावळ्यापर्यंतचा मार्ग तेथे सरळ दिसत होता. बांगलादेशात ढाका व अन्य शहरांत रातथाऱ्यांवरील गावकावळ्यांची मरतूक वारंवार नोंदली गेली, आणि तेथील संशोधकांनी तिचा संबंध जिवंत कोंबड्यांच्या बाजारांतील टाकाऊ भागांवर होणाऱ्या कावळ्यांच्या चरण्याशी जोडला. भारतात २०११-१२ च्या हिवाळ्यात जमशेदपूर येथे कावळे मेले होते. या उदाहरणांत कावळा रोग दूरवर नेणारा म्हणून दिसत नाही. तो बळी म्हणून दिसतो, आणि तितकाच निदर्शक म्हणून. जेथे कावळे मरतात तेथे कोंबड्यांच्या अथवा त्यांच्या टाकाऊ भागांच्या साखळीत विषाणू आधीच फिरत असावा, असे समजून शोध सुरू करणे शहाणपणाचे ठरते.

रानपक्ष्यांस परदेशी रोगाचे वाहक ठरविण्याची ही पहिली वेळ नव्हे, आणि मागील वेळेचा इतिहास आपल्या शेजारचाच आहे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली व माणसेही तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, त्या तापाचा विषाणू शोधून काढला. तो रशियातील वसंत-ग्रीष्म मेंदुज्वराच्या विषाणूचा जवळचा नातलग निघाला, आणि साहजिकच प्रश्न उभा राहिला: सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींबरोबर तो आला असेल काय? त्या शंकेच्या निरसनासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचा मोठा उपक्रम हाती घेतला. हजारो पक्षी पकडले गेले, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी वेचल्या गेल्या. पक्ष्यांवरील आरोपास त्यातून पुरावा मिळाला नाही. रोगाचे चक्र त्या जंगलातील गोचिडी, लहान कुरतडणारे प्राणी व माकडे यांच्यातच असल्याचे दिसून आले. हाच ज्वर २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात उद्भवला. पक्षी निर्दोष सुटले ते मात्र आपणांस एक मोठे दान देऊन: भारतातील स्थलांतरी पक्ष्यांच्या मार्गांविषयी आपले जे ज्ञान आहे त्याचा पाया त्या कड्यांनी घातला. चुकीच्या संशयातून इतके चांगले शास्त्र क्वचितच निघते.

दापोलीचा प्रश्न पंडिती चर्चेपुरता नाही. पाहुण्यांना दोषी धरले की उपाय म्हणून त्यांना हुसकावणे, रातथाऱ्याची झाडे तोडणे, कावळे मारणे अशा सूचना पुढे येतात. यांपैकी प्रत्येक उपायाने रोग वाढण्याचीच भीती अधिक, कारण विखुरलेले पक्षी नव्या रातथाऱ्यांवर जातात आणि संसर्गही सोबत नेतात. रानपक्ष्यांची कत्तल करू नये, असाच आंतरराष्ट्रीय पशुआरोग्य संस्थांचा सल्ला आहे. आणि ज्या जागी खरोखर लक्ष द्यावयास हवे, म्हणजे मेलेल्या कोंबड्या टाकण्याची जागा, दुकानामागील खड्डा व परसातील खुराडे, ती जागा तशीच राहते. परसातील चार गावठी कोंबड्यांवर घरखर्चाचा काही भाग चालविणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

धोक्याची दुसरी बाजू समुद्राकडे आहे, आणि तिच्याविषयी आपल्याकडे फारच थोडे बोलले जाते. १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच मोडणाऱ्या, आता सिंधुदुर्गात असलेल्या वेंगुर्ल्याच्या खडकांवर सुरय पक्षी वीण करतात. अशी दाट वीण-वसाहत या विषाणूला कशी बळी पडते हे २०२२ साली नेदरलँड्समधील सँडविच सुरयांच्या वसाहतींत दिसले. तेथे प्रौढ पक्षी हजारोंनी मेले. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेत एच५एन८ ने मेलेल्या पक्ष्यांत मोठा तुरेवाला सुरय होता, आणि हा पक्षी आपल्याही किनाऱ्यावरचा आहे. दुसरी काळजी मृतभक्षक शिकारी पक्ष्यांची. किनाऱ्यावरील उंच झाडांवर घरटी करणारा सागरी गरुड आणि उत्तर कोकणात उरलीसुरली गिधाडे मेलेला पक्षी खातात. २०२३ साली अमेरिकेतील ॲरिझोना भागात कॅलिफोर्निया काँडोर या अत्यंत दुर्मिळ गिधाडांपैकी एकवीस पक्षी याच रोगाने गेले. अन्नावाटे होणारा संसर्ग पक्ष्यांपुरताही मर्यादित राहत नाही: डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या एच५एन१ ने मृत्यू पावले, आणि संशय कोंबडीच्या मांसावर आला. येथे विषाणू कावळ्याकडून गरुडाकडे, खालून वर असा जाऊ शकतो. आणि ज्या पक्ष्यांची जोडपी मोजता येतील इतकीच उरली आहेत, त्यांच्या बाबतीत एक वाईट हिवाळाही पुरे.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या विषयात करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातील बरेचसे कमी खर्चाचे आहे. मरतूक झाली हे ठरविण्यासाठी मुळात किती पक्षी होते हे माहीत असावे लागते. दापोली, खेड, चिपळूण व रत्नागिरी येथील कावळ्यांच्या रातथाऱ्यांची सूर्यास्ताच्या वेळची मासिक गणना हे काम ऑक्टोबरात सुरू करून एप्रिलपर्यंत चालविले, तर एका हिवाळ्यात तुलनेस आधार तयार होतो. त्याच गणनेबरोबर कावळे दिवसा कोठे चरतात याची नोंद ठेवावी: हर्णैच्या लिलावाच्या जागी किती, कोंबडीच्या दुकानांमागे किती, उकिरड्यांवर किती. कुरवांच्या बाबतीत त्यांस न पकडताही पुळणीवरील ताजी विष्ठा गोळा करून विषाणूची तपासणी करता येते. जिवंत पक्षी पकडून रक्तातील प्रतिपिंडे पाहावयाची तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. पण ती मिळविण्याचे कष्ट सार्थकी लागतील, कारण आजारातून वाचलेले पक्षी किती व कोणते, याचे उत्तर प्रेतांवरून कधीच मिळत नाही.

मृत पक्षी आढळल्यास विद्यार्थ्याने तो स्वतः उचलू नये, उघडू तर मुळीच नये. हरियाणातील एका अकरा वर्षांच्या मुलाचा जुलै २०२१ मध्ये दिल्ली येथे एच५एन१ ने मृत्यू झाला. भारतातील हा पहिला मानवी बळी होय. जागा, तारीख, जात, संख्या व जवळपास कोंबड्यांचे दुकान अथवा खुराडे आहे काय, एवढे टिपून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. घसा व अवस्कर यांतील नमुने बर्फात ठेवून पुण्यास औंध येथील पश्चिम विभागीय रोगनिदान प्रयोगशाळेकडे, आणि तेथून भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात. उन्हात दोन दिवस पडलेल्या प्रेतातून उपयोगी नमुना मिळण्याची आशा फार थोडी. तेव्हा वार्ता त्याच दिवशी पोहोचणे महत्त्वाचे, आणि ती पोहोचविण्यास गावातील शिक्षक, कोळी व पोस्टमन हे विद्यापीठातील कोणाहीपेक्षा अधिक उपयोगी पडतील.